पिकअपच्या हुडात माल बांधायची पद्धत बदलली

बेळगावहून चोर्ला घाटातनं गोव्याला भाजी नेतो, पिकअपला मागं हौद्यावर फायबरचा हुड, म्हणजे छपरासारखं झाकण आहे. आधी दोरी हुडाच्या फ्रेमलाच बांधायचो, वळणावर क्रेट सरकले की सगळा ताण फ्रेमवर, एकदा क्लॅम्पच सैल झाला आणि टोमॅटोचा पार चेंदामेंदा. हुड पाऊस अडवायला असतोय, माल धरायला नाही. मग हौद्याच्या तळाला चार कड्या बोल्टनं बसवल्या, खालनं मोठा वॉशर लावून, नाहीतर पत्रा फाटतोय. आता त्या कड्यांना दोन रॅचेट बेल्ट, म्हणजे खटक्यानं आवळायचे पट्टे, क्रेटवरनं फुलीसारखे, कडेला जुन्या ट्यूबचा तुकडा म्हणजे पट्टा घासत नाही. जड पोती पुढं, केबिनकडं. आणि वाटेत जांबोटीत चहाला थांबलो की रॅचेट परत आवळायचाच, माल दबून बसतो ना, पट्टा ढिला पडतोय.