डिस्क एन्क्रिप्शन आणि बॅकडोअरची शंका: या चुका टाळा

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि अनेकांनी लॅपटॉप बदलले. नागपुरात धंतोलीतले दवाखाने, रामदासपेठेतली सीए लोकांची ऑफिसं, सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाच्या आसपास बसणारे वकील, सगळीकडे आता विंडोज ११ दिसतं. यातल्या बऱ्याच मशीनची डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणारी, असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. कळतं तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, याच्यात अमेरिकेवाल्यांनी बॅकडोअर ठेवला असन ना?"

ही शंका रास्त आहे. बॅकडोअर, म्हणजे कुलूप चुकवून आत शिरायची मुद्दाम ठेवलेली चोरवाट, कल्पनेतली गोष्ट नाही, खरोखर सापडलेले आहेत. यादृच्छिक आकडे तयार करणारी 'ड्युअल ईसी डीआरबीजी' ही पद्धत अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००६ साली मान्य केली. पुढच्याच वर्षी डॅन शुमोव आणि नील्स फर्ग्युसन यांनी दाखवून दिलं की त्या पद्धतीतले स्थिरांक ज्याने निवडले, त्याच्याजवळ एक गुप्त आकडा असू शकतो, आणि तो असला तर पुढचे सगळे 'यादृच्छिक' आकडे त्याला आधीच काढता येतील. २०१३ साली स्नोडेनने बाहेर आणलेल्या गुप्त कागदपत्रांनंतर बोट अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेकडे गेलं. २०१४ साली एनआयएसटीने ती पद्धत काढून टाकली.

आता गंमत नव्हे, महत्त्वाची गोष्ट: हे उघड करणारे शुमोव आणि फर्ग्युसन दोघेही मायक्रोसॉफ्टमध्ये काम करत होते. बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनमध्ये बॅकडोअर घालायला आपण कधीच तयार होणार नाही, असं २००६ साली जाहीरपणे लिहिणाराही हाच फर्ग्युसन. आणि याच कंपनीच्या विंडोजमध्ये तुमच्या डिस्कची चावी तुम्हाला ठळकपणे न विचारता कंपनीच्या सर्व्हरवर जाते. म्हणून 'मोठ्या कंपनीवर विश्वास ठेवायचा की नाही' असा सरसकट प्रश्न विचारला की चुका सुरू होतात. गणित, चावी, हार्डवेअर, डिफॉल्ट सेटिंग या प्रत्येकावरच्या विश्वासाचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा.

चूक १: शंका आली म्हणून एन्क्रिप्शनच बंद करणं

'बॅकडोअर असेलच, मग कशाला मशीन हळू करायची?' असं म्हणून डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचंच साधं, आपोआप चालणारं रूप) बंद करणारे बरेच भेटतात. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बर्थखालून बॅग गेली, तर ती नेणारा कोण असतो याचा विचार करा. त्याच्याकडे एनएसए नसते. त्याच्याकडे स्क्रूड्रायव्हर असतो. एन्क्रिप्शन नसलेली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की सगळ्या फाइल वाचता येतात. विंडोजचा लॉगिन पासवर्ड तिथे आडवा येत नाही. पेशंटचे रिपोर्ट, अशिलांची कागदपत्रं, शेकडो लोकांच्या पॅन-आधारच्या प्रती त्या डिस्कवर असतात, आणि त्या तुमच्या एकट्याच्या नसतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असला तरी.

बिटलॉकरच्या एन्क्रिप्शनमध्ये मुद्दाम ठेवलेला बॅकडोअर आजवर कोणी पुराव्यासह जाहीर केलेला नाही. संशयाला जागा देणारे निर्णय मात्र झाले आहेत. सुरुवातीच्या बिटलॉकरमध्ये 'एलिफंट डिफ्यूझर' नावाचा जास्तीचा थर होता. विंडोज ८मध्ये तो काढला, कारण वेग आणि मानकांचं पालन असं सांगितलं गेलं, आणि एक्सटीएस ही अधिक चांगली पद्धत आली ती नोव्हेंबर २०१५मध्ये. मधली तीन वर्षं लोकांना आधीपेक्षा कमकुवत रचनेवर राहावं लागलं. टीका झाली ती योग्यच होती. पण तेवढ्यावरून डिस्क उघडी ठेवणं म्हणजे दूरच्या धोक्यापायी जवळचा धोका पत्करणं आहे.

चूक २: सगळी शंका गणितावर, चावीकडे लक्षच नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खातं टाकलं की डिस्क उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की आपोआप त्या खात्यात जाऊन बसते. आवृत्ती २४एच२ पासून नव्याने विंडोज टाकलेल्या होम मशीनवरही हे सर्रास होतं. यामागे चांगला हेतू आहे: पासवर्ड विसरणाऱ्या, मदरबोर्ड बदलणाऱ्या माणसाचा डेटा वाचावा. पण कंपनीकडे चावी असली की ती मागितलीही जाऊ शकते. ग्वाम या अमेरिकी बेटावरच्या एका तपासात २०२५ साली मायक्रोसॉफ्टने न्यायालयीन वॉरंटनुसार तीन लॅपटॉपच्या बिटलॉकर की एफबीआयला दिल्या. हे २०२६च्या जानेवारीत उजेडात आलं. त्यात कोणताही बॅकडोअर वापरला गेला नाही, वापरायची गरजच पडली नाही. २०१८च्या अमेरिकी क्लाउड ॲक्टमुळे अमेरिकी कंपनीने डेटा कोणत्या देशातल्या सर्व्हरवर ठेवलाय यानेही सुटका होत नाही. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहेच. अधिकृत आदेश असताना डिक्रिप्शनला मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तेव्हा चावी स्वतःकडे ठेवणं हा कायद्यापासून पळण्याचा मार्ग नाही. फरक एवढाच पडतो की आदेश तुमच्या हातात येतो, तुम्हाला तो वाचता येतो आणि वकिलाला दाखवता येतो.

तुमची की कुठे आहे हे बघायला दहा मिनिटंही लागत नाहीत. ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरा, डिव्हाइसच्या पानावर रिकव्हरी कीची यादी दिसते. मग मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि मॅनेज-बीडीई (manage-bde) ही कमांड 'प्रोटेक्टर्स' (-protectors), 'गेट' (-get) आणि ड्राइव्हचं अक्षर देऊन चालवा. तिथे दिसणारा की आयडी खात्यातल्या आयडीशी जुळला, तर या डिस्कची चावी कंपनीकडे आहे.

नको असेल तर खात्यातली नोंद पुसून थांबू नका. पुसलेल्या नोंदीची प्रत बॅकअपमध्ये राहिली की नाही हे तुम्हाला बाहेरून तपासता येत नाही. कीच बदला. त्याच कमांडने नवा रिकव्हरी पासवर्ड जोडा, तो कागदावर उतरवा, उतरवलेला आकड्यांचा प्रत्येक गट पडद्याशी ताडून पाहा, आणि मगच जुना काढा. क्रम उलटा करू नका. काही दिवसांनी खात्याचं पान पुन्हा उघडून बघा, नवी की तिथे आपोआप पोचली तर नाही ना. प्रो आवृत्तीत बिटलॉकर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करताना 'खात्यात जतन करा'ऐवजी 'प्रिंट करा' किंवा 'फाइलमध्ये जतन करा' निवडता येतं. त्याला वेळ लागतो, पण मार्ग सरळ आहे.

चूक ३: की कंपनीकडून काढली आणि स्वतःही ठेवली नाही

निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागितले जातात तेव्हा ही चूक कळते. बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, त्यातली सिक्युअर बूटची सेटिंग बदलली, टीपीएम (चावी सांभाळणारी सुरक्षा चिप) रिकामं केलं किंवा मदरबोर्ड बदलला की तो पडदा येतो. बर्डीत लॅपटॉप दुरुस्तीला टाकण्याआधी याची तयारी हवी. दुकानदाराने मदरबोर्ड बदलला आणि की कुठेच नसली, तर त्या बिचाऱ्याकडे काही उपाय नाही आणि मायक्रोसॉफ्टकडेही नाही. एन्क्रिप्शन खरं असल्याचीच ती खूण आहे. 'आमच्याकडे बिटलॉकर तोडायचं सॉफ्टवेअर आहे' असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका.

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडल्या. तेव्हा दुरुस्तीसाठी ठिकठिकाणी रिकव्हरी की लागली आणि काही ऑफिसांच्या लक्षात आलं की कीची यादी ज्या सर्व्हरवर आहे, तोही त्याच पडद्यावर अडकलाय.

म्हणून दोन छापील प्रती, दोन वेगळ्या जागी. एक ऑफिसच्या तिजोरीत, एक घरी. कागदावर मशीनचं नाव आणि की आयडी लिहा, नाहीतर पाच लॅपटॉपच्या पाच कागदांत कोणता कुठला ते कळत नाही. लॅपटॉपच्या बॅगेत तो कागद ठेवू नका. मोबाइलने फोटो काढला तर तो गूगल फोटोज किंवा आयक्लाउडवर चढतो, म्हणजे एका कंपनीकडून काढलेली चावी दुसरीकडे गेली.

चूक ४: 'एन्क्रिप्शन ऑन' वाचून निश्चिंत होणं

बिटलॉकर डिस्क एन्क्रिप्ट करून तिची चावी उघड्या रूपात डिस्कवरच ठेवू शकतो. हे दोन प्रसंगी होतं. एक, मायक्रोसॉफ्ट खातं न टाकता लोकल खातं वापरलं तर बऱ्याच मशीनवर 'वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन' ही अवस्था राहते. गोपनीयतेसाठी खातं टाळणारी माणसं नेमकी इथे अडकतात आणि वर्षानुवर्षं उघड्या डिस्कवर काम करतात, याचं मला फार वाईट वाटतं. दोन, बायॉस अपडेटसाठी 'सस्पेंड' केलं आणि पुन्हा सुरू करायचं राहिलं. मॅनेज-बीडीई 'स्टेटस' (-status) देऊन चालवा आणि 'प्रोटेक्शन स्टेटस' वाचा. टक्केवारी शंभर असली तरी प्रोटेक्शन 'ऑफ' असेल तर संरक्षण नाही.

टीपीएमची मर्यादाही समजून घ्या. डिफॉल्ट रचनेत मशीन चालू करताच टीपीएम चावी देऊन टाकतो. टीपीएमची चिप वेगळी असेल तर मदरबोर्डवरून प्रोसेसरकडे जाताना ती चावी तारा जोडून पकडता येते. २०२४ साली एका जुन्या लॅपटॉपवर हे स्वस्त रास्पबेरी पाय पिकोने मिनिटभराच्या आत करून दाखवलं गेलं. प्रोसेसरच्या आत टीपीएम असलेल्या मशीनवर ही वाट नसते. उपाय आहे सुरू होतानाचा पिन. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमधल्या बिटलॉकरच्या ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्ह विभागात 'रिक्वायर ॲडिशनल ऑथेंटिकेशन ॲट स्टार्टअप' चालू करा आणि मग बिटलॉकरच्या पानावरून पिन लावा. प्रवासात मशीन स्लीपवर ठेवू नका, बंद करा. स्लीपमध्ये चावी मेमरीतच असते.

चूक ५: हार्डवेअरच्या डब्यावर 'एन्क्रिप्टेड' लिहिलंय म्हणून मानणं

२०१८ साली नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी सॅमसंग आणि क्रुशलच्या काही एसएसडी तपासल्या. काहींमध्ये पासवर्ड आणि चावी यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता, त्यामुळे पासवर्डशिवाय डेटा काढता आला. बिटलॉकर तेव्हा अशा डिस्कला काम सोपवून स्वतः बाजूला व्हायचा. २०१९च्या अपडेटने डिफॉल्ट बदललं, पण आधी एन्क्रिप्ट झालेली डिस्क आपोआप बदलत नाही. स्टेटसमध्ये 'हार्डवेअर एन्क्रिप्शन' दिसलं तर डिक्रिप्ट करून पुन्हा सॉफ्टवेअर पद्धतीने करा.

चूक ६: ओपन सोर्स म्हणजे तपासलेलंच, असं धरून चालणं

२८ मे २०१४ला ट्रूक्रिप्ट या कोड सगळ्यांना खुला असलेल्या डिस्क एन्क्रिप्शन साधनाच्या निनावी निर्मात्यांनी अचानक काम थांबवलं आणि लोकांना चक्क बिटलॉकरकडे जायला सांगितलं. अफवांना ऊत आला. पण लोकवर्गणीतून झालेलं ऑडिट एप्रिल २०१५मध्ये पूर्ण झालं, आणि त्यात मुद्दाम ठेवलेला बॅकडोअर सापडला नाही. त्याचा वारस व्हेराक्रिप्टचं २०१६ साली ऑडिट झालं, त्यात गंभीर त्रुटी निघाल्या आणि बऱ्याचशा दुरुस्त झाल्या. ओपन सोर्सचा फायदा हाच: तपास करता येतो आणि निकाल सगळ्यांसमोर राहतो. पण तपास कोणीतरी प्रत्यक्ष करावा लागतो. मार्च २०२४मध्ये लिनक्सच्या एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनात खरा बॅकडोअर सापडला. विश्वास कमावून आत शिरलेल्या माणसाने तो घातला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या चिकाटीने मागे लागलेल्या आंद्रेस फ्रॉइंडने तो पकडला, आणि तोही मायक्रोसॉफ्टचाच कर्मचारी.

व्हेराक्रिप्ट किंवा लिनक्सवरचं लुक्स वापरायचं असेल तर जरूर वापरा, माझी स्वतःची पसंती लुक्सला आहे. फक्त डाउनलोड मूळ ठिकाणाहूनच करा, फाइलची डिजिटल सही तपासा, आणि लुक्सच्या हेडरचा (डिस्कच्या सुरुवातीचा, चाव्यांची माहिती असलेला भाग) बॅकअप घ्या. हेडर खराब झाला तर बरोबर पासवर्ड असूनही डिस्क उघडत नाही.

चूक ७: चावी भलत्याच्याच खात्यात

छोट्या ऑफिसांत ही सगळ्यात जास्त दिसते. लॅपटॉप दुकानातल्या पोराने सुरू करून दिला, किंवा आर्टिकलशिप करणाऱ्याने स्वतःचं खातं टाकून सेटअप उरकला. की त्याच्या खात्यात गेली. दोन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला लागतो, आणि निळा पडदा येतो. तुमच्या खात्याच्या यादीत की दिसत नसेल पण प्रोटेक्शन 'ऑन' असेल, तर आधी सेटअप कोणी केला ते आठवा. मशीन अजून सुरू होत असेल तोवर काम सोपं आहे: वर सांगितल्याप्रमाणे नवा रिकव्हरी पासवर्ड जोडा, छापा, जुना काढा, आणि त्या माणसाचं खातं मशीनवरून हटवा. मशीन अडकून बसली असेल तर त्याला फोन करा आणि पडद्यावरच्या की आयडीचे पहिले आठ आकडे-अक्षरं वाचून दाखवा. खात्यातल्या यादीत त्याला त्यावरूनच तुमची की शोधता येईल.