महागडे इअरफोन पारखायचे कसे? सुरुवात आवाजापासून करू नका

कोल्हापूरच्या पापाच्या तिकटीला, म्हणजे चपलांच्या बाजारात, पायताण घ्यायला गेलेला माणूस चप्पल हातात घेऊन वाकवून बघतो, शिवण तपासतो, मग पायात घालून दुकानातच चार पावलं चालतो. तोच माणूस वीस-पंचवीस हजारांचे इअरफोन घेताना मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ बघतो आणि बटण दाबून मोकळा होतो. मीही असा मोकळा झालोय. एकदा नव्हे, दोनदा.

पायताणाची गोष्ट वेगळी. नवं असताना ते चार दिवस चावतं, तेल पाजलं की पायाला बसतं. इअरफोन पहिल्या आठवड्यात टोचला तर सहा महिन्यांनीही टोचतो. शिवाय तो कानात नीट बसला नसेल तर तुम्ही ऐकताय तो त्याचा खरा आवाजच नसतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी कान, मग आवाज, मग तो किती वर्षं टिकेल याचा हिशोब. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात आणि 'बेसच नाही राव' म्हणत चांगला जोड विकून टाकतात.

तुलनेची तयारी

कोल्हापुरात मोबाइलची दुकानं गल्लोगल्ली आहेत, पण या किमतीचे चार-पाच जोड शांतपणे कानात घालून बघू देणारं दुकान शोधावं लागतं. पुण्या-मुंबईला जाणं झालं तर तिथे ऐकून या. नाहीतर सोपा मार्ग म्हणजे दोस्तमंडळींकडचे दोन-तीन जोड एका रविवारी जमवायचे. दुसऱ्याचा जोड कानात घालताना टिप्स, म्हणजे टोकाची रबरं, मात्र स्वतःची वापरा. कानाचे संसर्ग असेही फिरू शकतात. ऑनलाइन मागवणार असाल तर आधी परतीचा नियम वाचा. एकदा कानात घातलेला माल बरेच विक्रेते परत घेत नाहीत.

फोनमधला इक्वलायझर आणि 'साउंड इफेक्ट' बंद करा. सगळे जोड एकाच फोनवर किंवा एकाच डॉंगलवर (फोन आणि इअरफोनच्या मधे जोडायचं छोटं यंत्र) ऐका, आणि शक्यतो जो रोज वापरणार त्याच यंत्रावर. ड्रायव्हर म्हणजे इअरफोनमधला आवाज काढणारा इवलासा भाग; त्यातल्या आर्मेचर प्रकारच्या काही जोडांचा स्वभाव समोरच्या यंत्राप्रमाणे बदलतो. दोस्ताच्या ॲम्प्लिफायरवर गोड वाटलेला जोड तुमच्या फोनवर कोरडा वाटू शकतो.

पहिली पायरी: कानात बसवणं

कानाची नळी सरळ नसते, तिला वळणं असतात. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते. मग उजव्या हाताने इअरफोन किंचित फिरवत आत सरकवा आणि पाळी सोडा. फोमची टिप असेल तर ती बोटांत दाबून बारीक करा, घाला, आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा.

टिप्स मोठ्या, मध्यम, लहान तिन्ही घालून बघा. बॉक्समधून आलेली मध्यम टिप लावूनच आयुष्य काढणारे लोक मी पाहिलेत. दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही. माझ्या डाव्या कानाला मध्यम लागते, उजव्याला मोठी, आणि हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

आता हवाबंद बसलंय का ते तपासा. ४० ते ५० हर्ट्झचा सूर वाजवणारं ॲप किंवा फाइल सहज मिळते. तो हळू आवाजात लावा. दोन्ही कानांत सारखं घुमायला हवं. मग इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. घुमणं एकदम वाढलं तर हवा गळतेय, टिप बदला. खालचे सूर सगळ्यात आधी या फटीतून निसटतात. 'या कंपनीला बेस जमत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढीच फट असते.

यानंतर माझी आवडती परीक्षा: भडंग. इअरफोन घालून वाटीभर भडंग खा. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकारही बदलतो. दोन-चार घासांत इअरफोन सैल होऊन बाहेर सरकला, तर तो तुमच्या कानाचा नाही. एरवी भडंगाचा कुरकुराट डोक्यात दुप्पट घुमेल. तो दोष नव्हे, कान बंद झाल्याचा परिणाम आहे. आपलंच बोलणं आणि आपलीच पावलं त्याच कारणाने मोठी ऐकू येतात. मग रंकाळा तलावाच्या काठाने अर्धा तास चाला. वायर शर्टाला घासून खरखर येते का बघा; येत असेल तर ती कानावरून मागे टाकून पाहा. रस्त्यावर मात्र काढून खिशात ठेवा, केएमटी बसचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही.

निदान दीड-दोन तास सलग घाला. दहा मिनिटांत सगळेच जोड मऊ वाटतात. दुखणं तासाभराने सुरू होतं, आणि ते नळीपेक्षा बाहेरच्या वाटीत, जिथे धातूचं किंवा प्लास्टिकचं कवच टेकतं तिथे जास्त होतं.

हे कोल्हापुरात वेगळं सांगायलाच हवं. तालमीत वाढलेला माझा एक दोस्त आहे, कुस्तीने दोन्ही कान मोडलेले. मोठ्या कवचाचा कुठलाच जोड त्याच्या कानाच्या वाटीत टेकत नाही, कारण वाटीच भरून आलीय. त्याने दोन जोड परत केले. शेवटी बंदुकीच्या गोळीसारखा सडपातळ, वाटीचा आधार न घेता सरळ नळीत जाणारा जोड त्याला बसला. तोही किमतीने निम्मा. कानाचा साचा घेऊन बनवलेलं खास कवच हा दुसरा मार्ग, पण साचा श्रवणतज्ज्ञाकडूनच घ्यायचा, आणि असा जोड पुढे विकता येत नाही.

दुसरी पायरी: आवाजाची पातळी सारखी करणं

ही पायरी कोणी करत नाही आणि सगळी फसगत इथेच होते. दोन जोडांत जो किंचित मोठा वाजतो तो आपल्याला 'स्पष्ट' वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरकसुद्धा पुरतो. प्रत्येक जोडाची संवेदनशीलता वेगळी असल्याने फोनची पट्टी एकाच ठिकाणी ठेवली तरी एक मोठा वाजतो, एक बारीक. म्हणजे तुम्ही गुणवत्ता तोलत नसता, जोर तोलत असता.

उपाय घरगुती आहे. पिंक नॉइज नावाचा आवाज लावा. गगनबावड्याच्या पावसासारखा एकसारखा सळसळतो. पहिला जोड घाला, आरामशीर पातळी ठरवा, पट्टीचा आकडा लिहून ठेवा. दुसरा घाला, तेवढाच मोठा वाटेपर्यंत पट्टी हलवा, आकडा लिहा. दोन-तीनदा आलटून पालटून पक्कं करा. पुढची सगळी तुलना याच आकड्यांवर.

ही पातळी कमीच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलला ती मुदत ४ तासांवर येते. चांगल्या इअरफोनचा एक मोठा फायदा हाच की बाहेरचा गोंगाट अडतो आणि कमी आवाजातही भागतं.

तिसरी पायरी: काय ऐकायचं

नवीन, चकाचक गाणी घेऊन बसू नका. त्यांतला खरा आवाज कसा होता हे आपल्याला ठाऊक नसतं. जे वाद्य समोर बसून ऐकलंय तेच घ्या. या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या दरबारी इथेच होते, गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा आहे, आणि तंबोरे बनवणारी मिरज जवळच. एखादी छोटी मैफल पुढच्या रांगेत बसून ऐका आणि घरी आल्यावर तुलना करा.

तंबोरा सगळ्यात कडक परीक्षक. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जी जवारी लावतात, तिच्यामुळे एका सुरातून कितीतरी वरचे सूर झंकारत उठतात. बरा जोड हे जाळं उलगडून दाखवतो. वाईट जोडावर ती नुसती भणभण होते, किंवा भलतीच चकाकी येऊन तंबोरा स्टीलच्या ताटासारखा वाजतो.

मग तबला. डग्ग्यावर पंजा दाबून काढलेली मींड ऐका: सूर वर सरकताना कळतो, की फक्त 'धुम' होतं? घुमारा गायकाच्या आवाजावर चढतो का? बेस जास्त असणं वेगळं, बेसचा आकार कळणं वेगळं. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग असेल तर टाळांकडे लक्ष द्या. दहा टाळ दहाच वाजले पाहिजेत, त्यांचा चिवडा होता कामा नये. शेवटी बाईमाणसाचा स्पष्ट बोललेला आवाज, एखादं निवेदन वगैरे. 'स' आणि 'श' कानात सुईसारखे टोचत असतील तर पाच ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कुठेतरी उंचवटा आहे. दुकानात दहा मिनिटं तो 'तपशील' वाटतो, घरी आठवड्यात डोकं उठवतो.

एक सावधगिरी. केसरबाई केरकर अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि त्यांचं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेलं, तेव्हा ते ऐकावंसं वाटणारच. ऐका, पण त्यावर इअरफोन तोलू नका. ७८ आरपीएमच्या काळातल्या ध्वनिमुद्रणांत अगदी वरचे सूर फारसे उतरलेलेच नाहीत. तिथे सौम्य वाटलेला जोड आजच्या मुद्रणावर ओरडू शकतो.

डोळे झाकून चाचणी करावी असं सगळे सांगतात. इन-इअरमध्ये, म्हणजे कानाच्या नळीत बसणाऱ्या या जोडांत, ते अर्धंच जमतं, कारण कानात गेल्या गेल्या स्पर्शावरून कळतं कुठला आहे. त्यापेक्षा एक जोड तीन दिवस वापरा, मग दुसरा तीन दिवस, आणि पुन्हा पहिल्यावर या. परत आल्यावर जे खटकतं ते खरं.

कुठला सूर किती जोरात वाजतो हे दाखवणारे इअरफोनचे आलेख बघायचे असतील तर बघा, पण ते कृत्रिम कानावर मोजलेले असतात, आणि नेहमीच्या प्रमाणित कृत्रिम कानात ८ हजार हर्ट्झच्या आसपास त्याचा स्वतःचा अनुनाद येतो. त्याच्या वरचा भाग तुमच्या कानात तसाच असेल हे गृहीत धरू नका.

ड्रायव्हर मोजण्याचं खूळही सोडा. सेनहायझरच्या आयई ९०० मध्ये एका कानाला एकच ७ मिलिमीटरचा ड्रायव्हर आहे, शुअरच्या एसई ८४६ मध्ये चार. दोन्ही वरच्या रांगेतले. मिसळीत फरसाण किती प्रकारचं आहे यावरून कट ठरत नाही.

चौथी पायरी: टिकेल का?

पहिला प्रश्न, वायर सुटी होते का? इअरफोनमध्ये सगळ्यात आधी मरते ती वायर. प्लगच्या मानेपाशी किंवा कानापाशी. सुटी होत असेल तर फक्त वायर बदलायची. वायर इअरफोनला जिथे लागते तिथली एमएमसीएक्स नावाची जोडणी गोल फिरते, सोयीची, पण सतत काढ-घाल केली की सैल पडते. दोन पिनांची जोडणी फिरत नाही, मात्र तिरकी ओढली तर पिना वाकतात. दोन्ही विनाकारण काढू नका.

बिनवायरचे जोड या तुलनेत लंगडे पडतात, आवाजामुळे नव्हे तर बॅटरीमुळे. इवल्याशा लिथियम बॅटऱ्या काही वर्षांत दमतात आणि बहुतेक जोडांत त्या बदलता येत नाहीत. माझा असाच एक जोड दोन वर्षांत अर्ध्या तासावर आला. दुरुस्ती केंद्राचं उत्तर होतं, 'नवीनच घ्या.' आवाज अजून उत्तम होता, हेच जास्त लागलं. सोयीसाठी बिनवायरचा घ्या, पण तो चार-पाच वर्षांचा पाहुणा समजून तेवढेच पैसे घाला.

पाण्याचा आकडाही वाचा. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. महागड्या वायरवाल्या जोडांना पुष्कळदा असा कुठलाच दर्जा नसतो. व्यायामाला ते वापरू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपडेसुद्धा वाळत नाहीत, तर डबीत ओलसर ठेवलेला इअरफोन कुठून वाळणार? वापरून झाल्यावर पुसा, थोडा वेळ उघडा ठेवा, मग सिलिका जेलची पुडी घातलेल्या डबीत. वायर बोटाला करकचून गुंडाळू नका, सैल वेटोळी करा.

वॉरंटीच्या कागदावर दुरुस्ती कुठे होते ते घेण्याआधीच विचारा. बाहेरून आणून स्वस्तात विकलेल्या मालाला भारतात वॉरंटी मिळेलच असं नाही.

एका कानात आवाज बारीक झाला तर

वर्षभरात हे बहुतेकांना होतं आणि बहुतेक घाबरतात. आधी टिप काढून इअरफोनच्या नळीच्या तोंडाची जाळी उजेडात बघा. मळ अडकलेला असेल तर तोंड खाली धरून मऊ, कोरड्या ब्रशने झाडा, म्हणजे तो आत न जाता खाली पडतो. पाणी किंवा स्पिरिट तिथे घालू नका; टिप्स मात्र साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून लावा. जाळी बदलता येणारी असेल तर बदला.

तरी बारीकच असेल तर वायरीची डावी-उजवी बाजू अदलाबदल करून जोडा. दोष दुसऱ्या कानात गेला, तर वायर गेली. नवी वायर घ्या, प्रश्न मिटला. दोष त्याच इअरफोनमध्ये राहिला, तर आतलं काहीतरी बिघडलंय, वॉरंटीचा कागद काढा. आणि इअरफोनच डावीकडचा उजव्या कानात घालून बघितल्यावरही तुमचा तोच कान बारीक ऐकत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. माझ्या बाबतीत तेच निघालं: जोड ठणठणीत होता, मळ माझ्या कानात होता.