ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट असताना कुठला लॉक लावायचा

बेळगावच्या उद्यमबागेत मशीनला सेन्सर जोडून जॉब (तयार पार्ट) मोजायची कामं आपली बरीच पोरं करालीत, त्यातलं कोण लिनक्स ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कर्नलमधला कोड) लिहित असेल तर हे बघा.

सेन्सरचा इंटरप्ट (हार्डवेअरचा सिग्नल) आला की चालणारा हँडलर काउंटर वाढवतोय आणि रीड फंक्शन तोच काउंटर वाचून झिरो करतंय, म्हणजे दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून लॉक लागणारच. म्युटेक्स नको, तो मिळाला नाही तर कोड झोपतो (प्रोसेसर दुसऱ्या कामाला देऊन थांबतो) आणि हँडलरला झोपायची परवानगीच नाही. स्पिनलॉक घ्या, तो झोपत नाही, मिळेपर्यंत जागेवरच फिरत वाट बघतो. पण रीडमध्ये साधा स्पिन_लॉक घेतला आणि प्रोसेसरच्या त्याच कोअरवर इंटरप्ट आला की हँडलर त्याच लॉकसाठी गरगर फिरत बसतो, आणि लॉक सोडणारा कोड हँडलर संपल्याशिवाय पुढं सरकत नाही, मग बसा बोंबलत! म्हणून रीडमध्ये स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह, ते त्या कोअरचे इंटरप्ट बंद करतं आणि आधीची स्थिती फ्लॅग्ज व्हेरिएबलमध्ये ठेवतं. हँडलरमध्ये मात्र साधा पुरतो, दुसरा कुठला इंटरप्ट तोच लॉक घेत नसेल तर.

लॉक धरून कॉपी_टू_यूजर (व्हॅल्यू यूजरच्या प्रोग्रामकडं पाठवणं) करू नका, त्यात पण झोप लागू शकते. व्हॅल्यू लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या, लॉक सोडा, मग कॉपी. सेन्सर आयटूसीवर (दोन तारांची बस) असेल तर थ्रेडेड आयआरक्यू घ्या की सरळ, त्यात हँडलर स्वतंत्र थ्रेडमध्ये चालतो आणि झोपू शकतो, म्हणून तिथं म्युटेक्स चालतोय.

टेस्टिंगला कर्नलमध्ये प्रूव्ह_लॉकिंग (लॉकच्या चुका शोधणारं सेटिंग) चालू करा, मशीन हँग व्हायच्या आधीच डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) शिव्या घालतंय. स्लो होतंय, गिऱ्हाइकाला देताना बंद करा. आणि फ्री_आयआरक्यू (इंटरप्टचा हँडलर काढून टाकणारं फंक्शन) कधी स्पिनलॉक धरून बोलवू नका, ते चालू हँडलर संपायची वाट बघत थांबतं.