बंगला बांधताय? आर्किटेक्ट आणि ठेकेदार निवडताना या चुका टाळा

प्लॉट नावावर झाला की बहुतेकांचा पहिला फोन जातो तो ठेकेदाराला, आणि पहिला प्रश्न असतो, "स्क्वेअर फुटाला काय रेट?" नकाशा नाही, माती कशी आहे ते पाहिलेलं नाही, तरी रेट ठरतो आणि अक्षय्य तृतीयेला नारळही फुटतो. घर अर्ध्यावर आल्यावर होणारी बरीचशी भांडणं याच फोनात सुरू झालेली असतात.

रेट ठरला, पण मोजायचं काय?

समजा, तुमचं घर १२०० चौरस फुटांचं आहे आणि मटेरियलसह २,००० रुपये दर ठरला. तुमच्या डोक्यात २४ लाख. ठेकेदार मात्र स्लॅबचं माप धरतो. त्यात पोर्च आला, बाल्कनी आली, जिन्यावरचा स्लॅब आला, छज्जे आले. माप १४५० वर गेलं की बिल २९ लाख. त्याने फसवलं असंही म्हणता येत नाही, कारण बाल्कनी पूर्ण धरायची की अर्धी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग 'एक्स्ट्रा'ची यादी निघते. जोत्यातली मुरूम भराई, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. यातलं काय दरात आहे आणि काय नाही, ते आधी विचारायचं असतं. जीएसटीचंही तेच. एकाच स्वतंत्र घराचं काम नुसत्या मजुरीवर दिलं तर जीएसटी माफ आहे. नोंदणी असलेल्या ठेकेदाराने मटेरियलसह केलं तर १८ टक्के लागतो.

म्हणून क्रम उलटा करा. आधी आर्किटेक्ट, मग स्ट्रक्चरल डिझाइन, मग आयटमवार अंदाजपत्रक: खोदाई किती, काँक्रीट किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), सळई किती किलो, वीटकाम आणि प्लास्टर किती. दराचा रकाना कोरा ठेवून हेच पत्रक तीन ठेकेदारांना भरायला द्या. एखाद्याचा आकडा फारच खाली आला तर खूश होण्याआधी त्याने काय वगळलंय ते शोधा. बहुधा सापडतंच.

'आर्किटेक्ट आहे ना, मग इंजिनिअर कशाला?'

१९७२ च्या कायद्यानुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं. नोंदणी क्रमांक 'सीए'ने सुरू होतो. तो विचारण्यात संकोच कसला? अनुभवी सिव्हिल इंजिनिअरही उत्तम घर उभं करतात, त्याबद्दल वाद नाही. पण समोरचा कोण आहे, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

जास्त महागात पडते ती दुसरी चूक. आर्किटेक्टचा नकाशा म्हणजे आरसीसी डिझाइन नव्हे. कॉलम केवढा, त्यात सळया किती, फूटिंग (कॉलमखालचा पाया) किती खोल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं. तो नसला की मिस्त्री ठरवतो, "सगळीकडे असंच टाकतो" म्हणत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेलं फूटिंग भिंतींना तडे देतं. आधी खड्डा घेऊन मुरूम किंवा खडक कुठे लागतो ते बघायचं आणि मग डिझाइन करायचं.

कोकणात बांधणाऱ्यांनी आर्किटेक्टला एक प्रश्न जास्त विचारावा: इकडच्या पावसातली तुमची किती घरं आहेत? शहरी फोटोंतली सपाट गच्ची आणि पागोळीच नसलेल्या भिंती रत्नागिरीच्या जुलैत किती टिकतात, ते तिथल्या कुणालाही विचारा.

फी ठरवतानाच साइटवर किती वेळा येणार, स्लॅब भरण्याआधी सळई कोण तपासणार, जोत्याचा आणि शेवटी भोगवट्याचा दाखला कोण आणणार, हे लिहून घ्या. "येतो की अधूनमधून" हे उत्तर धरू नका.

झालेलं घर पाहून भुलू नका

रंग दिलेलं घर दाखवायला ठेकेदार हौसेने नेतो. तुम्ही त्याची चालू साइट पाहा, न सांगता जाऊन. सिमेंटच्या गोण्या फळ्यांवर आहेत की ओल्या जमिनीवर? कॉलमला गुंडाळलेली गोणपाटं ओली आहेत की कडक वाळलेली? शिवाय दोन-तीन पावसाळे झालेल्या घराच्या मालकाशी बोला, ठेकेदार सोबत नसताना.

पैसे कामाच्या पुढे जाऊ देऊ नका. जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी असे टप्पे पाडा आणि प्रत्येक बिलातले पाच टक्के राखून ठेवा. ते एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच द्यायचे, असं करारात हवं.

काम सुरू आहे आणि शंका येतेय?

स्लॅबची सळई थेट सेंट्रिंगच्या प्लेटवर टेकलेली दिसली, तर काँक्रीट थांबवा. खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई वर उचलून धरणारे छोटे ठोकळे हवेत: स्लॅबला साधारण २० मिलिमीटर, कॉलमला ४०. खडीचे तुकडे सरकवून भागवायचं नाही.

सळई कमी भरतेय असं वाटलं तर वजन करा. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरायला हवी.

प्लेटा काढल्यावर कॉलममध्ये पोकळ जागा किंवा उघडी खडी दिसली तर आधी फोटो काढा आणि इंजिनिअरला बोलवा. संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्यावर सिमेंटचं पाणी फासून मोकळं होतं.

पाणी मारण्यावरून हटकून वाद होतो. ओपीसी (साध्या) सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या) दहा.

आणि ठेकेदार काम सोडून गेलाच, तर दुसरा आणण्याची घाई नको. आधी आर्किटेक्टकडून झालेल्या कामाचं माप काढून घ्या, मापाला हजर राहायला जुन्या ठेकेदाराला लेखी कळवा, तारीख टाकून फोटो ठेवा आणि साइटवरच्या मालाची यादी करा. नव्याची माणसं कामाला लागल्यावर कुठला तडा कुणाचा, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.