गडावरून किल्ल्यात: राजहंसगड ते बेळगावचा भुईकोट, पायी

ही वाट उलटी चालतात ते दमतात. बेळगावच्या किल्ल्यापासून निघून गडाच्या पायथ्याच्या येळ्ळूरकडे गेलात तर शहराची गर्दी आधी लागते, ऊन समोरून येते आणि ऐन दुपारी गडाची चढण उरते. म्हणून सकाळी वाहनाने राजहंसगडावर जायचे आणि चालत शहरात उतरायचे. तोंड उत्तरेकडे राहते, ऊन आधी उजव्या हाताला आणि मग पाठीवर येते. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीचा वळसा धरून अंतर 16 ते 17 किलोमीटर भरते, वळसा सोडल्यास तीनेक किलोमीटर वाचतात. थांबत, बघत चालायला सहा तास हाताशी ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालण्याचा काळ. जून ते सप्टेंबर ही वाट टाळाच; का ते पुढे बळ्ळारी नाल्याच्या वर्णनात कळेल. मार्चनंतर नऊ वाजताच डांबर तापू लागते आणि वडगावच्या अलीकडे शिवारात सावली अशी नाहीच.

मध्यवर्ती बसस्थानकावरून येळ्ळूरला बस जाते. पहिल्या गाडीची वेळ आदल्या दिवशी स्थानकावरच विचारून ठेवा. पाटी कन्नडमध्ये असते. वाचता येत नसेल तर कंडक्टरला मराठीत विचारा, अडचण येत नाही. तिघे-चौघे असाल तर थेट गडापर्यंत रिक्षा ठरवणे सोयीचे. बसने गेलात तर येळ्ळूर ते गड अशी साडेतीन-चार किलोमीटरची जादा चाल धरा. साडेसहाला गडावर पोहोचायला हवे.

गड लहान आहे. तटावरून एक फेरी, सिद्धेश्वराचे दर्शन आणि 2023 साली उभा राहिलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा, एवढ्याला पाऊण तास पुरतो. वर वारा बोचरा असतो, कानाला रुमाल हवाच. निघण्यापूर्वी उत्तरेच्या तटावर उभे राहून खालची वाट नीट बघून घ्या: पायथ्याला येळ्ळूर, मग शिवार, त्यापलीकडे वडगाव-शहापूरची घरे. थंडीत सकाळी धुके असेल तर यातले काहीच दिसणार नाही. तरी धुके विरायची वाट पाहत थांबू नका, पुढचे वेळापत्रक कोलमडते.

उतार डांबरी आहे. इथे अंगठ्याची नखे दुखावतात, कारण पाय बुटात पुढे घसरतो. उतरण्याआधी नाडी घोट्याजवळ घट्ट आवळा, बोटांकडे सैल ठेवा. या वाटेला जाड तळाचे ट्रेकिंग बूट नकोत. जवळजवळ सगळी चाल डांबरावर आहे, धावण्याचे मऊ बूट बरे. मोज्यांचा दुसरा जोड पिशवीत ठेवा. शिवारातल्या दवाने पहिला जोड ओला झाला की त्यावरच फोड येतात. पाणी माणशी दोन लिटर घ्या. येळ्ळूरपर्यंत एक लिटर संपवा, गावात भरून घ्या.

येळ्ळूर ते वडगाव हा पाचेक किलोमीटरचा पट्टा सगळ्यात देखणा, आणि सगळ्यात धोक्याचाही. रस्त्याला फूटपाथ नाही. सकाळी दुधाच्या कॅन घेतलेल्या मोटारसायकली आणि कामावर जाणारी मंडळी वेगात शहराकडे धावतात. उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, एकामागे एक चाला. दोन्ही बाजूंना भाताची शिवारे आहेत. बेळगाव बासमती म्हणतात तो याच भागातला. सुगीनंतर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा घेतात, त्यामुळे जानेवारीतही शिवार हिरवे दिसते. बांधावरून चालायचा मोह होईल, पण बांध अरुंद असतो, पाय घसरला की पीक तुडवले जाते आणि शेतकऱ्याचे बोलणे खावे लागते. तेही रास्तच. काळी माती ओली असेल तर बुटाला किलोभर चिकटते, ते वेगळेच.

वडगावच्या अलीकडे बळ्ळारी नाला लागतो. (फोनवर नुसते ‘बळ्ळारी’ शोधू नका, थेट बळ्ळारी जिल्ह्याची वाट दाखवेल.) नकाशात बारीक रेघ दिसते, पण पावसाळ्यात हाच नाला पात्राबाहेर पसरून शिवारातले भात पाण्याखाली घालतो. गाळ साचलेला, जलपर्णीने तोंड बुजलेले, वरून शहराचे सांडपाणी. उतार कमी असल्याने आलेले पाणी लवकर ओसरत नाही. उन्हाळ्यात वास येतो. पुलावरून बघा, खाली उतरू नका, पायही धुऊ नका. याच भागात हलगा-मच्छे बायपासच्या कामाने जुन्या पायवाटा तुटल्या आहेत. फोनने दाखवलेली शिवारातली वाट धरली तर भरावाशी अडून अर्धा तास मागे फिरावे लागते, म्हणून मूळ येळ्ळूर रस्ता सोडू नका.

वडगावात शिरताच मागाची खडखड ऐकू येते. इथे चहा-नाश्ता उरका आणि मोजे बदला. आषाढात मंगाई देवीच्या यात्रेला या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. पुढे शहापूर. हे गाव सांगली संस्थानचे आणि शेजारचे बेळगाव इंग्रजांचे, असा प्रकार 1947 पर्यंत होता. शहापूरची बाजारपेठ वेगळी का, याचे उत्तर त्यात मिळते. नाथ पै चौक ही खूण धरा.

तिथून टिळकवाडीकडे वळायचे की सरळ कपिलेश्वरला जायचे, हे पाय विचारून ठरवा. वळणार असाल तर रेल्वेलगतच्या काँग्रेस रोडवर वीरसौध विचारा, काँग्रेस विहिरीपाशी असलेले हे अधिवेशनाचे स्मारक. 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचे 39 वे अधिवेशन इथे भरले, गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. येणाऱ्या हजारोंना पाणी हवे म्हणून ही काँग्रेस विहीर खोदली आणि तिला पंपा सरोवर नाव दिले. कठड्यावर चढून डोकावू नका. टिळकवाडीत पत्ते पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट असे रेल्वे फाटकांवरून सांगतात, तुम्हीही तसेच विचारा. फाटक पडलेले असेल तर थांबा. खालून वाकून जाणारे पाच-दहा जण दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका. एक गाडी गेली म्हणजे दुसऱ्या रुळावरून येणार नाही असे नाही.

विहिरीकडून पहिल्या गेटच्या दिशेने निघून गोवावेस, मग महाद्वार रोड विचारत कपिलेश्वरला पोहोचा. दक्षिण काशी म्हणून ख्याती असलेले हे शिवमंदिर सोमवारी आणि श्रावणात गजबजलेले असते, निवांत बघायचे तर दुसरा वार निवडा. शेजारच्या तलावात गणपतींचे विसर्जन होते, अनंत चतुर्दशीला व दुसऱ्या दिवशी या बाजूला फिरकू नका. इथून रूळ ओलांडायचे ते उड्डाणपुलावरूनच.

शेवटचा टप्पा जुन्या पी. बी. (पुणे-बंगळूर) रोडने किल्ल्याचा. भुईकोटाला डोंगराचा आधार नसतो म्हणून खंदक रुंद लागतो, आणि तो तटाच्या कडेने अजून दिसतो. महमूद गवानाने बहमनींसाठी हा किल्ला घेतला. 1818 मध्ये इंग्रजांना 21 दिवस वेढा द्यावा लागला. आत कमल बस्ती चुकवू नका: 1204 साली रट्टांचा मंत्री बिचिराज याने बांधलेले जैन मंदिर. सभामंडपाच्या मधोमध उभे राहून वर बघा, छतातले दगडी कमळ तिथूनच पूर्ण दिसते. बूट आणि चामड्याचा पट्टा बाहेर ठेवा. आसद खानाने बांधलेली साफा मशीदही आतच आहे. बराचसा भाग लष्कराच्या ताब्यात आहे. जवानाने अडवले तर हुज्जत नको, आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. ओळखपत्र जवळ असू द्या.

किल्ल्यासमोर तलाव आहे, त्याच्या काठावरचा 110 मीटरचा ध्वजस्तंभ दुरूनही खूण म्हणून उपयोगी. काठावर बसून बूट सोडा. अशोक चौकातून बसस्थानक जवळच आहे. कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, घ्यायचा असेल तर मात्र रिक्षाने बाजारात जा, आता आणखी चालवणार नाही.