लहान जोडी आली की आधी समोरचे चिप्स मोजा
तीन पत्तीची सवय असलेल्याला नो-लिमिट होल्डेममध्ये (पोकरचा प्रकार: हातात दोन पानं, चिप्स कितीही लावा) चौकीची जोडी मिळाली की हात सोडवत नाही. तिथे जोडी म्हणजे बरं पान; इथे दुर्रीपासून छक्कीपर्यंतची जोडी म्हणजे तिसरं पान लागण्याची आशा. फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत) ते लागतं सुमारे १२ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. उरलेल्या वेळी गेलेले पैसे त्या एकाच डावात वसूल व्हायला हवेत.

म्हणून कॉल करण्याआधी (समोरच्याइतकेच चिप्स लावण्याआधी) दोघांपैकी ज्याचे चिप्स कमी, त्याचे मोजा. ब्लाइंड (दोघांना सक्तीने आधीच लावावे लागणारे चिप्स) ५०-१००, समोरच्याने रेज करून (वाढवून) ३०० केले आणि दोघांकडे ६,००० आहेत, तर कॉल करा: कॉलच्या वीसपट चिप्स मागे आहेत. त्याच्याकडे १,५०० च असतील, तर सेट (जोडीला तिसरं पान) लागूनही हाती फारसं येत नाही. निव्वळ त्या आशेवर कॉल नको. मी किमान पंधरापट धरतो. आपल्यानंतर चाल असलेले अजून खेळाडू असतील आणि त्यातला कुणी सारखा री-रेज करणारा (रेजवर आणखी वाढवणारा) असेल, तर त्याहून जास्त.

फ्लॉपवर इस्पिक राजा, बदाम चौकी, किलवर नव्वी आली? मग लपवत बसू नका, बेट लावा. एक्का-राजावाला आनंदाने पैसे घालतो, आणि तोच आपलं गिऱ्हाईक. चौकी नाही आली आणि समोरून दमदार बेट आली, तर पानं टाका, अगदी लगेच.

टूर्नामेंटमध्ये दहा बिग ब्लाइंडच (मोठ्या ब्लाइंडच्या दहापट चिप्स) उरले असतील तर हे गणित लागू नाही. तिथे आधी कुणी रेज केलेलं नसेल, तर शेवटी चाल येणाऱ्या जागांवरून सरळ ऑल-इन, म्हणजे सगळे चिप्स एकदम.