बत्तीस बोअरचा डबा भरताना

मराठवाड्यात लायसन्सवर हँडगन बाळगणाऱ्याकडे बहुतेक बत्तीस बोअरच (बोअर म्हणजे नळीचं माप) सापडतो. त्याच्या सफाईच्या सामानाचा डबा कसा भरायचा, ते इथं सांगतो. एकतर कानपूरचं रिव्हॉल्व्हर, नाहीतर ईशापूरचं अशनी पिस्तूल. नऊ एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतो, तो सर्वसामान्याला मिळत नाही. आता हे हत्यार वर्षात चालतं किती? काडतुसं किती घ्यायची हे लायसन्सवर लिहिलेलं असतं, त्यामुळं बहुतेकांची चार-सहा काडतुसं झाडली तर झाडली, नाहीतर तीही नाहीत. ऑनलाइन मिळणाऱ्या सफाई-सामानाच्या साठ-सत्तर नगांच्या चकचकीत पेट्या दर आठवड्याला रेंजवर शेकड्यानं गोळ्या झाडणाऱ्यासाठी असतात. आपल्यासाठी ती चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. आपलं हत्यार झाडून खराब होत नाही, ठेवून खराब होतं. घाम, ओल, फुफाटा आणि घरातलंच चुकीचं तेल, हे त्याचे खरे वैरी. यादी त्या हिशोबानं करायची.

खरेदीला निघताना मापाला हत्यार सोबत नेऊ नका. लायसन्सच्या पुस्तकात बोअर आणि हत्याराचा प्रकार लिहिलेला असतो, त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला की झालं. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस आणि पिस्तुलाचं बत्तीस यांची काडतुसं वेगळी असतात. रिव्हॉल्व्हरमध्ये एस अँड डब्ल्यू लाँग चालतं, अशनीत एसीपी. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. नळीचं माप मात्र दोन्हींचं जवळपास सारखंच, आठ मिलिमीटरला थोडं कमी. म्हणून नळीचा ब्रश दोघांना एकच चालतो. घरात भावाकडं पिस्तूल आणि तुमच्याकडं रिव्हॉल्व्हर असेल तर एका डब्यात दोघांचं भागतं.

पहिली खरेदी नळी साफ करायच्या रॉडची. पातळ स्टीलचा वाकणारा, तीन तुकड्यांचा रॉड स्वस्त मिळतो, पण तो घेऊ नका. सांध्यावर वाकला की नळीच्या आत घासतो. पितळी किंवा वरून प्लॅस्टिकचं आवरण असलेला, एका तुकड्याचा आखूड रॉड घ्या, आणि मूठ रॉडबरोबर फिरते का ते दुकानातच बघा. मूठ फिरली तर ब्रश नळीतल्या पिळाबरोबर, म्हणजे आतल्या वळत्या खाचांबरोबर, वळतो. कानपूरच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची घडण मधून मोडून उघडणारी आहे, वेबली या विलायती रिव्हॉल्व्हरच्या घराण्यातली. ते उघडलं तरी काडतुसांचा फिरता सिलिंडर नळीच्या मागं आडवा असतोच, म्हणून रॉड पुढून, नळीच्या तोंडातूनच घालावा लागतो. नळीच्या तोंडाची कड म्हणजे नेमबाजीचा जीव. ती झिजली की गोळी भरकटते. तिथं बसणारी पितळी किंवा प्लॅस्टिकची चकती मिळाली तर जरूर घ्या. कानपूरहून २०२३ साली आलेल्या प्रबळ रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बाजूला सरकतो, तरी मागं मूठ अन् सांगाडा आडवा येतो, म्हणून तिथंही रॉड पुढूनच. पिस्तुलाची नळी खोलून बाहेर येते, ती मागून साफ करायची. फौजेतून आलेल्यांना पुलथ्रू जवळचा वाटतो. दोरीच्या टोकाला चिंदी, दुसऱ्या टोकाला वजन. रॉड न मिळाल्यास तो घ्यायला हरकत नाही, फक्त दोरी ओढताना कडेवर घासू द्यायची नाही.

ब्रश दोन लागतात. नळीसाठी ब्राँझच्या केसांचा बत्तीसचा, आणि सिलिंडरच्या सहा खणांसाठी एक माप मोठा, कारण काडतूस बसण्याचा खण नळीपेक्षा रुंद असतो आणि बत्तीसचा ब्रश तिथं नुसता डुलतो. स्टीलच्या केसांचा ब्रश कितीही छान दिसला तरी ठेवून द्या. ब्राँझ नळीपेक्षा मऊ, म्हणून झिजतो ब्रश. ब्रश नळीतून पूर्ण पलीकडं गेल्याशिवाय मागं ओढायचा नाही. मध्येच उलटा फिरवला की केस मोडतात आणि ब्रश अडकतो.

चिंद्यांसाठी पैसे घालवू नका. जुनं सुती धोतर, पंचा, खूप धुतलेलं बनियन हे उत्तम. खळ असलेलं नवं कापड तेल पीत नाही, आणि टेरीकॉट तर नकोच. शिंप्याकडं फलालीनचे तुकडे मिळाले तर त्याहून बरं. सव्वा ते दीड इंचाचे चौकोन कापून डबी भरून ठेवा. चिंदी नळीत जाताना हाताला थोडा अडथळा जाणवला पाहिजे. सैल गेली तर मोठी कापा, हातोडी लागेलसं वाटलं तर लहान.

आता काजळी काढायचं द्रावण. बंदुकांच्या दुकानात होप्स नंबर नऊ नावाचं विलायती द्रावण मिळतं, १९०३ पासून चालत आलेलं. वास उग्र, पण काम चोख. दुकान लांब असेल तर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन किंवा शिल्लक असलेलं रॉकेलही दारूची काजळी मऊ करतं. ही दोन्ही वापरली की नंतर कोरडी चिंदी आणि मग तेल लावणं सक्तीचं, नाहीतर उघडं पडलेलं पोलाद दोन-चार दिवसांत लाल होतं. थिनर नको, त्यानं मुठीचं प्लॅस्टिक आणि वार्निश दोन्ही जातं. पेट्रोलचा तर विचारच नको. विकतच्या द्रावणात अमोनिया असतो, तो निकेलच्या मुलाम्यावर भिजत ठेवायचा नाही. हाच अमोनिया ब्राँझच्या ब्रशलाही खातो. म्हणजे रिव्हॉल्व्हरची चिंदी हिरवट-निळी निघाली की लोकांना वाटतं नळीत तांबं साचलंय. अहो, साध्या शिशाच्या गोळीत तांबं कुठून येणार? तो रंग तुमच्या ब्रशचा. काम झालं की ब्रश धुऊन वाळवायचा. पिस्तुलात तांब्याच्या आवरणाची गोळी चालते, तिथं हिरवटपणा खरा असू शकतो. आणि शिसं कुठल्याच द्रावणात विरघळत नाही. ते ब्रशनं खरडूनच निघतं, राखाडी पापुद्र्यासारखं.

तेलापाशी जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त हत्यारं इथंच बिघडतात. आपल्याकडं घाण्याचं करडईचं तेल घरात असतंच, आणि जुन्या माणसांचा त्यावर भारी विश्वास. दोन थेंब टाका, बंदूक गुळगुळीत. पहिल्या आठवड्यात ते खरंही वाटतं. पण करडईचं तेल हवेत वाळणारं आहे. ते वाळताना चिवट पापुद्रा धरतं, म्हणूनच ते रंग-वार्निशाच्या धंद्यात चालतं. एका उन्हाळ्यात हॅमरच्या (घोड्याच्या) खोबणीत तपकिरी, मधासारखा चिकट थर बसतो, त्यावर फुफाटा चिकटतो आणि सिलिंडर फिरताना करकर वाजायला लागतो. जवस त्याहून वाईट. खोबरेल वाळत नाही, पण थंडीत गोठतं. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा कुठं उतरतो हे सांगायला नको. खाण्याचं कुठलंच तेल डब्यात ठेवायचं नाही, एवढा नियम पुरे.

घ्यायचं ते खनिज तेल, पातळ, बंदुकीचं. तेही नसेल तर शिलाई मशीनचं पांढरं स्वच्छ तेल गरज भागवतं. एकाच बाटलीत सफाई, वंगण आणि गंजरोधक असं तिन्ही देणारं तेल मिळतं. माझ्या मते क्वचित झाडणाऱ्यासाठी तीच बाटली सगळ्यात शहाणपणाची, दुसरं द्रावणसुद्धा लागत नाही. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला आणि अडकलेला स्क्रू सोडवायला ठीक, पण ते लावून हत्यार सहा महिने कपाटात ठेवायचं नाही. त्याचा थर टिकत नाही. प्रमाणाबद्दल हात आखडता घ्या. सिलिंडरच्या आसाला एक थेंब, बिजागरीला एक, बाहेरून तेलाचा हात फिरवलेली चिंदी. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) ज्यावर धावते त्या रुळांवर लिथियम ग्रीस लावायचंच तर काडीच्या टोकावर येईल तेवढं. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की जास्तीचं तेल पातळ होऊन मुठीत उतरतं आणि वरून धूळ ओढतं. काडतुसांना तर तेलाचा हातही लागू नये. झिरपणारं तेल प्राइमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, शिरलं की ऐनवेळी नुसता टक आवाज येतो.

बाकीचं किरकोळ सामान घरातून अन् मेडिकलमधून उचलायचं. जुना दात घासायचा ब्रश, कानकोरणीच्या कापसाच्या काड्या, बांबूच्या टूथपिक, नायट्रिलचे हातमोजे, साधा चष्मा किंवा गॉगल, छोटी टॉर्च आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा. कागद नळीच्या मागच्या तोंडाशी धरून त्यावर उजेड पाडला की आतले पीळ स्वच्छ दिसतात. टूथपिकची जागा रिव्हॉल्व्हरमध्ये एकच, पण महत्त्वाची. रिव्हॉल्व्हर उघडल्यावर काडतुसं वर उचलणारी चांदणीसारखी चकती असते, तिच्या खाली न जळलेल्या दारूचे काळे कण साचतात. चार कण जरी अडकले तरी चकती पूर्ण बसत नाही, काडतुसांची बुडं वर राहतात आणि सिलिंडर जाम होतो. मग माणूस म्हणतो स्प्रिंग गेली. स्प्रिंग शाबूत असते. चकती वर धरून खालून ब्रश फिरवायचा आणि तिथं तेल अजिबात टाकायचं नाही.

पेचकस एकच ठेवा, मुठीच्या स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारा. दुसरा स्क्रू उघडायचाच नाही. कानस, पॉलिश पेपर, तारेचा चोथा, पितळ चमकवायचं पॉलिश, राख, चिंच, लिंबू यातलं काहीही डब्यात नको. हत्याराचा काळा रंग हा गंजाविरुद्धचा पातळ थर आहे, तो घासून काढला की खालचं पोलाद उघडं. भाग झिजला असेल, चाप अडत असेल, तर ओळखीच्या लेथवाल्याकडं नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात हत्याराची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडंच जायचं, पावती घेऊन.

बसायची जागा स्वयंपाकघराबाहेरची. जुनी वर्तमानपत्रं अंथरा, खिडकी उघडी ठेवा, जवळ दिवा-उदबत्ती नको, पोरं तर नकोतच. पहिल्यांदा काडतुसं काढा, मोजा आणि दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून या. मग सिलिंडरचे सहाही खण उजेडात बघा आणि बोटानं चाचपा. पिस्तुलाची मॅगझिन आधी काढायची, नंतर स्लाइड ओढून चेंबर (काडतूस बसण्याची जागा) बघायचं. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधलं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये जातं आणि हत्यार रिकामं आहे असं वाटत राहतं. निघणाऱ्या काजळीत शिसं असतं. चिंद्या चुलीत टाकायच्या नाहीत, पिशवीत बांधून कचऱ्यात. हात थंड पाण्यानं साबण लावून धुवायचे, आणि तोवर तंबाखूची पुडी सोडायची नाही.

ठेवण्याचं सामान हा डब्याचाच भाग. चामड्याचं होल्स्टर बाळगण्यापुरतं. त्यात महिनोनमहिने ठेवलं तर चामडं ओल धरतं आणि जिथं चामडं टेकतं तिथं गंजाचे ठिपके उठतात. तेलाचा हात लावलेल्या सुती कापडात गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारे खडे घेतले तर ते कधी भरले हे कळतं, तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरता येतात, फक्त तो तवा भाकरीचा नसावा. ओल म्हटली की आपण श्रावण-भाद्रपदच धरतो, पण आपल्याकडं मे महिन्यातही घरात दमट हवा असते, ती कूलरची. ज्या खोलीत कूलर रात्रभर पाणी फेकतो त्या खोलीतल्या कपाटात हत्यार ठेवायचं नाही. कुलूप तर हवंच, आणि किल्ली देवघरातल्या कोनाड्यात नको.

खंडेनवमीला हत्याराची पूजा होणारच, ती करू नका असं कोण सांगणार? पण हळद-कुंकू पाण्यात कालवून सिलिंडरवर, हॅमरच्या खाचेत लावलं की ती पूड आत जाते आणि ओल धरते. गंध लावायचं तर मुठीवर, नाहीतर डब्यावर. रिकाम्या हत्याराचीच पूजा करा, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या त्याच रात्री झटका, दात घासायच्या ब्रशनं खाचा साफ करा आणि तेलाची चिंदी फिरवून मगच गुंडाळा. दसऱ्याला सोनं वाटत फिरताना हे राहून जातं.

शेवटचं निवडणुकीचं. आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते, आणि निकाल लागेपर्यंत ते मालखान्यात पडून राहतं. त्यासाठी डब्यात वेगळी तयारी ठेवा. एक जाड सुती पिशवी, तीन-चार सिलिका जेलच्या पुड्या, हत्याराचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. जमा करायच्या आदल्या दिवशी साफ करून नळीत आणि बाहेरून नेहमीपेक्षा जरा जाड तेलाचा हात द्या, चामड्याच्या होल्स्टरमध्ये देऊ नका, आणि पावतीवर नंबर जुळवून घ्या. परत आणल्यावर लगेच काडतुसं भरायची नाहीत. आधी नळी आणि सहाही खण कोरड्या चिंदीनं पुसून काढा, चिंदी कोरडीच बाहेर येईपर्यंत. खणात तेल राहिलं तर काडतुसाचं कवच भिंतीला धरत नाही आणि सगळा दाब मागच्या बाजूवर येतो. मग टॉर्च आणि कागद घेऊन नळीतून आरपार बघा, मालखान्यात कोळ्यानं जाळं विणलेलं असायचं.